उघड्या डोंगरावर जंगल कसे उभे राहते

कराडजवळच्या मलकापुरात नळाला मीटर आहे. २००८ च्या सुमारास इथे चोवीस तास पाण्याची योजना आली, कोयनेचे पाणी घरोघरी मोजून मिळू लागले आणि ही व्यवस्था पाहायला लांबलांबची माणसे येऊ लागली. टाकीत किती पाणी चढवले यापेक्षा घरात किती पोहोचले याला तिथे महत्त्व आहे. वृक्षलागवडीत मात्र आपण अजून टाकीत चढवलेलेच पाणी मोजत बसलो आहोत. पावसाळ्यात किती खड्डे घेतले, किती रोपे लागली, याचे आकडे वर्तमानपत्रात येतात. त्यातली तिसऱ्या उन्हाळ्यात किती उभी होती, हा आकडा गावातल्या कुणाला विचारला तर सांगता येत नाही.

१ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात २ कोटी रोपे लावायचे ठरले आणि पावणेतीन कोटींहून जास्त लागल्याचे जाहीर झाले. पुढे लक्ष्य चढत गेले: २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्याची घोषणा झाली. त्यामागचे राजकारण मला इथे उगाळायचे नाही. शाळांची पोरे, बचत गटांच्या बाया, गावचे कारभारी पावसात भिजत डोंगरावर गेले ही गोष्ट लहान नव्हती. पण ३३ कोटी म्हणजे जमिनीवर नेमके काय, हे कुणीतरी मांडायला हवे होते.

डोंगरावर साधारण तीन मीटरवर एक रोप लावतात. त्या हिशेबाने एका हेक्टरात १,१११ रोपे बसतात. ३३ कोटी रोपांना मग जवळपास ३ लाख हेक्टर, म्हणजे २,९७० चौरस किलोमीटर जागा लागेल. सातारा जिल्ह्याचे एकूण क्षेत्र १०,४८० चौरस किलोमीटर आहे. याचा अर्थ गावे, उसाचे फड, धरणे, रस्ते सगळे धरून जिल्ह्याचा चौथा हिस्सा आणि वर थोडा. आता पाण्याचे बघा. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्याला दहा लिटर पाणी द्यायचे म्हटले, तर हेक्टरी ११ हजार लिटर झाले. दर आठवड्याला, दर हेक्टरला एक मोठा टँकर. महामार्गाच्या दुभाजकातल्या कण्हेरीला टँकरने पाणी देता येते, कारण टँकर उभा करायला तिथे महामार्ग आहे. डोंगराच्या उतारावर टँकर चढत नाही, आणि चढला तरी परवडत नाही.

म्हणून मोठ्या क्षेत्रावरचे जंगल कुणी पाणी घालून वाढवत नाही. ते पावसावरच वाढवावे लागते, आणि ते तसे वाढते याचा दाखला आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे.

कराडहून ताकारीच्या बाजूला गेले की सांगली जिल्ह्यात कडेगाव, वाळवा आणि पलूस हे तीन तालुके जिथे एकमेकांना भिडतात, तिथे सागरेश्वरचा डोंगर आहे. माणसे त्याला सागरोबा म्हणतात. पायथ्याशी जुनी शिवमंदिरे आहेत. बाजूलाच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. मागच्या पिढीतल्या माणसांनी हा डोंगर उघडाबोडका पाहिला आहे. आज तिथे १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे, आणि ते माणसांनी उभे केलेले आहे. मोहित्यांचे वडगाव इथले धों. म. मोहिते हे त्यामागचे नाव. हा डोंगर झाडांनी झाकायचा हा ध्यास त्यांनी घेतला, वनखात्याला आणि आसपासच्या गावांना त्यात ओढले, आणि लागवड झाल्यावर डोंगराची पाठ सोडली नाही. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. कुंपण घातले गेले, सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले. बारमाही पाण्याचा एकही झरा नसलेल्या डोंगरावर हे घडले आहे. मोहित्यांना लोक वृक्षमित्र म्हणत आले ते उगाच नाही.

सागरेश्वरला पाऊस महाबळेश्वरसारखा पडत नाही. मग तिथले जंगल जगले कसे? उत्तर त्या मातीत आणि पाणी अडवण्याच्या कामात आहे.

आपल्याकडच्या डोंगरात वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. मलकापूर-जखिणवाडीच्या डोक्यावरच्या आगाशिव डोंगरात साठहून जास्त बौद्ध लेणी कोरलेली आहेत ती याच पाषाणात. अशा उतारावर पडलेला पाऊस थांबत नाही, माती घेऊन ओढ्याला जातो. एका हेक्टरावर नुसता १० मिलिमीटर पाऊस पडला तरी १ लाख लिटर पाणी होते. टँकरच्या भाषेत नऊ टँकर, तेही एका बऱ्या सरीत. हे पाणी जागच्या जागी मुरवता आले तर बाहेरून आणायला नको.

त्यासाठी सलग समतल चर खणतात. उताराला आडवा, एकाच पातळीत, साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल. एवढ्या चराच्या दर मीटरमध्ये १८० लिटर पाणी थांबते, पाऊस उघडला की खाली मुरते, पुढच्या सरीला चर पुन्हा भरतो. पातळी चुकली तर मात्र सगळे पाणी एका टोकाला धावते आणि तिथून चर फुटतो, मग फायद्याऐवजी नवी घळ तयार होते. म्हणून पातळी दोरीने किंवा नळीने नीट काढावी लागते, नजरेच्या अंदाजावर सोडायचे ते काम नाही. खणलेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची आणि त्या भरावाच्या आसऱ्याने रोप लावायचे.

खड्ड्याचेही तसेच. दीड फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. तो एप्रिल-मे मध्येच घ्यायचा आणि उन्हात तापू द्यायचा. वरची काळसर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला काढायचा, आणि भरताना ती चांगली माती मुळाच्या वाट्याला येईल असे बघायचे. पहिला पाऊस जिरला की लागवड. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढायची. रोप नर्सरीत जास्त दिवस राहिले असेल तर पिशवीच्या तळाशी मूळ गोल गोल फिरून बसलेले दिसते. तो वेढा छाटला नाही तर झाड जमिनीत गेल्यावरही मूळ तसेच फिरत राहते, खोल जात नाही, आणि चार वर्षांनी एखाद्या वादळी पावसात झाड मुळासकट उलटते. माती भरून झाली की टाचेने दाबायची. मुळाशी पोकळी राहिली की मूळ वाळते. घाईगर्दीच्या कार्यक्रमात नेमके हेच राहून जाते, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पुरलेली रोपे तर अनेकांनी पाहिली आहेत.

उंच रोपाचा हट्टही मला पटत नाही. पाच फुटी रोप फोटोत शोभते, गुरांच्या तोंडातून वाचण्याची शक्यताही त्याची जास्त असते, हे खरे. पण मुरमाड उतारावर त्याचा पसारा मोठा आणि मूळ पिशवीएवढे. पानांतून उडून जाणारे पाणी मुळाला पुरवता येत नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हातच ते माना टाकते. गुडघाभर उंचीचे, खोडाला जाड, मुळाला मोकळे रोप डोंगरावर जास्त टिकते.

फेब्रुवारीत अशा लागवडीत जाऊन बघावे. पाने झडून गेलेली असतात, सगळ्याच काड्या दिसतात आणि मेलेले-जिवंत एकसारखेच वाटते. बुंध्याजवळची साल नखाने हलकेच खरवडायची. आत हिरवे निघाले तर रोप जिवंत आहे, तपकिरी कोरडे निघाले तर गेले. गेलेल्यांच्या जागी पुढच्या पावसात नांग्या भरायच्या. असे ओळीने दोन-तीन पावसाळे करावे लागते, सोबत बुंध्याभोवतीचे गवत काढावे लागते, कारण कोवळ्या रोपाचे पाणी पहिल्यांदा गवतच पळवते.

याहून अवघड काम राखणीचे आहे. शेळी एका तोंडात वर्षाची वाढ संपवते. वणवा तर एका दुपारी पाच वर्षांचे काम पुसून टाकतो. उन्हाळ्यात आगाशिवला वणवा लागल्याची बातमी कराड-मलकापूरच्या माणसांना नवी नाही. जुने गवत जाळले की नवे चांगले येते, ही समजूत अजून गावोगाव आहे. राख पडल्यावर कोंभ लवकर हिरवे दिसतात, त्यामुळे ती खरीही वाटते. पण दरवर्षी जळणाऱ्या उतारावर रुजलेली रोपटी जातात, उघडी पडलेली माती पहिल्या वळवात वाहून जाते. उपाय माहीत नाही असे नाही. गवत वाळायला लागले की पट्ट्यापट्ट्याने ते कापून किंवा देखरेखीखाली जाळून जाळरेषा काढायच्या, म्हणजे आग लागली तरी एका तुकड्यात थांबते. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत झाले तर उपयोग, एप्रिलमध्ये केले तर नाही. त्याला माणसे लागतात, रोजगार द्यावा लागतो आणि त्याचे उद्घाटन होत नाही. सागरेश्वर आणि इतर शेकडो डोंगर यांत फरक पडला तो इथे. तिथे राखण झाली.

आणि जंगल उभे राहिले म्हणजे राखण संपत नाही. सागरेश्वरच्या हरणांना उन्हाळ्यात पाणवठ्यांत पाणी सोडावे लागते. कळप कुंपणाबाहेर येऊन शेतात शिरतात, आणि पिकाची नासधूस झालेल्या शेतकऱ्याचा राग योग्यच असतो. ज्याच्या बांधाला लागून जंगल वाढवायचे, त्याचे नुकसान वेळेत भरून देणे हा लागवडीच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे. नाहीतर गाव जंगलाच्या विरोधात जाते. आणि गाव विरोधात गेल्यावर ते कुणी राखावे? हिवरे बाजार गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली ती ग्रामसभेत ठरवून केली, म्हणून ती पाळली गेली.

कोणते झाड लावायचे, हा प्रश्न सातारा जिल्ह्यात फारच अटीतटीचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात अकरापट फरक! जांभूळ, हिरडा, अंजनी पश्चिमेच्या डोंगरात घरच्यासारखी वाढतात. सागरेश्वर-आगाशिवसारख्या मधल्या पट्ट्यात धावडा, खैर, पळस, बहावा, आपटा, काटेसावर, मेडशिंगी. पूर्वेला हिवर, बाभूळ, बोर. एकाच नर्सरीतून एकच यादी दोन्ही टोकांना पाठवली तर एका टोकाला नुकसान ठरलेले.

राज्यात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला आणि त्या दशकात निलगिरी, सुबाभूळ यांची चलती झाली. लवकर वाढणारी, सरपण आणि पैसा देणारी झाडे हवी होती, आणि त्या काळच्या सरपणाच्या टंचाईत ते समजण्यासारखे होते. पुढे डोंगरांवर गिरिपुष्प आले. मूळचे मध्य अमेरिकेतले. फांदी खोचली तरी फुटते, जनावर सहसा तोंड लावत नाही, पालापाचोळ्याने माती सुधारते. शेताच्या बांधावर खतासाठी ते उत्तमच. पण सबंध डोंगरावर तेवढे एकच लावले, तर मार्चमध्ये गुलाबी फुले दिसतात आणि बाकी वर्षभर तिथे फळ खायला पक्षी येत नाही, कारण खाण्याजोगे फळच नसते. जगलेल्या रोपांचा आकडा इथे चांगला येईल, तरीही मी याला जंगल म्हणणार नाही.

रोपे मोठ्या संख्येने लावून घाईने विसरण्याचा रोग आपल्यापुरताच नाही. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी तुर्कस्तानात १ कोटी १० लाख रोपे लावली गेली. तीन महिन्यांच्या आत तिथल्या वन कामगारांच्या संघटनेने काही ठिकाणी पाहणी केली आणि नव्वद टक्क्यांपर्यंत रोपे मेल्याचे सांगितले. सरकारने ते नाकारले. याच्या उलट टोकाची गोष्ट आफ्रिकेतल्या नायजर देशातली आहे. टोनी रिनॉडो नावाचा ऑस्ट्रेलियन कार्यकर्ता १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे रोपे वाटत होता आणि बहुतेक मरत होती. एकदा वाळवंटी माळावरची खुरटी झुडपे त्याने जवळून पाहिली तेव्हा लक्षात आले की ती झुडपे नाहीत, तोडलेल्या मोठ्या झाडांचे खुंट आहेत. जमिनीखाली मूळ जिवंत होते, दरवर्षी ते धुमारे फोडत होते आणि दरवर्षी कुणीतरी ते सरपणाला नेत होते. त्याने शेतकऱ्यांना सांगितले की प्रत्येक खुंटावरचे चार-पाच जोमदार धुमारे ठेवा, बाकीचे छाटा, आणि राखा. वीस वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परत आली, आणि त्यासाठी नर्सरी लागली नाही, खड्डे लागले नाहीत.

आपल्या डोंगरावर हे तसेच्या तसे लागू पडते. धावडा, खैर, पळस, बोर ही सगळी तोडल्यावर पुन्हा फुटणारी झाडे आहेत. पळस तर मुळावरूनही फुटतो. चार वर्षे गुरे आणि आग बाहेर ठेवली तर उघडा वाटणारा उतार किती झाडांनी भरलेला आहे ते वर येते, आणि ती झाडे तिथल्याच मातीत मुरलेली असल्याने त्यांना पाणी घालावे लागत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की आगाशिवसारख्या डोंगरावर एक खड्डा घेण्याआधी जिवंत खुंट मोजावेत. जिथे ते आहेत तिथे फक्त राखण. जिथे माती पूर्ण धुपून गेली, खुंटही उरले नाहीत, तिथे चर आणि लागवड. पैसा बराच वाचेल आणि तो राखणदाराच्या पगाराला जाईल.

शहरातल्या मियावाकी वनांबद्दल थोडक्यात. अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञाने रूढ केलेल्या पद्धतीत चौरस मीटरला तीन-चार रोपे लावतात, माती खत घालून तयार करतात, दोन-तीन वर्षे पाणी देतात. शाळेच्या आवारात, कारखान्याच्या कडेला ती चांगली आहे. पण हेक्टरी तीस हजारांवर रोपे आणि त्यांना पाणी, हे डोंगराचे गणित नाही.

आता ज्या भागाबद्दल सगळ्यात जास्त बोलायला हवे आणि सगळ्यात कमी बोलले जाते, त्याकडे येतो. प्रत्येक उघडी जमीन म्हणजे उजाड जंगल नसते. कासच्या पठारावर कातळावर जेमतेम बोटभर माती आहे. तिथे झाडे नाहीत म्हणूनच ती फुले आहेत, आणि २०१२ मध्ये ते पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथे कुणी लागवड करा म्हणणार नाही, कारण फुले डोळ्यांना दिसतात. माण-खटाव, आटपाडी, जतच्या माळांचे मात्र कुणाला काही वाटत नाही. सरकारी कागदात त्यांना पडीक म्हटले जाते आणि लक्ष्य पुरे करायला जागा शोधताना बोट तिथेच टेकते.

ते माळ पडीक नाहीत. पवना, मारवेल यांसारखी गवते तिथे वाढतात, त्यांची मुळे जमिनीत घट्ट जाळे विणून माती धरतात आणि कर्बाचा साठा आगीला पोहोचता येणार नाही असा जमिनीखाली ठेवतात. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांना हाच माळ लागतो. माळढोक तर नावातच माळ घेऊन आला आहे, आणि त्याला झाडी आवडत नाही, चारी बाजूंनी नजर पोहोचेल अशी मोकळी जागा हवी असते. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी, माणदेशातले खिलार ही जनावरे याच गवतावर घडली. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये जुने मराठी साहित्य, ओव्या आणि लोकपरंपरा तपासून दाखवून दिले की पश्चिम महाराष्ट्राचा कोरडा पट्टा किमान साडेसातशे वर्षे असाच मोकळा, गवताळ आणि विरळ काटेरी झाडांचा होता. कुणीतरी जंगल तोडले म्हणून तो झाला, हे गृहीतक टिकत नाही. मग तिथे तीन मीटरवर एक गिरिपुष्प लावायचे कशासाठी? गवत सावलीने मरते, मेंढपाळाची चराई जाते आणि वनीकरणाच्या खात्यावर एक आकडा चढतो.

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने एक तृतीयांश भूमी झाडांखाली असावी असे म्हटले ते सगळ्या देशासाठी. २०२१ च्या वन सर्वेक्षणात महाराष्ट्राचे वनाच्छादन साडेसोळा टक्के होते आणि सांगली राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. म्हणून सांगलीने ते तेहेतीस टक्क्यांवर न्यावे असा या धोरणाचा अर्थ होत नाही. जतचा पाऊस जतचाच राहणार आहे.

पूर्व भागात झाडे लावायला जागाच नाही असे मात्र नाही. ओढ्यांच्या काठाने करंज आणि जांभूळ, तळ्यांच्या भरावाखाली चिंच, शेताच्या बांधांवर बाभूळ, बोर आणि कडुनिंब, वस्त्यांभोवती आणि शाळांच्या आवारात वड-पिंपळ. महामार्ग रुंद करताना जुन्या वडांच्या रांगा गेल्या, त्या रस्त्यांच्या कडा अजून रिकाम्या आहेत. या सगळ्या जागी माती खोल आहे, जवळ पाणी आहे, आणि मुख्य म्हणजे जवळ घर आहे. मे महिन्यात बादलीभर पाणी घालायला आणि शेळी हाकलायला तिथे कुणीतरी असते. माळ मेंढपाळांना विचारून, त्यांच्या चराईच्या वाटा मोकळ्या ठेवून राखावा, दोन वर्षांआड एकेक तुकडा गवताला विश्रांती द्यावी. तेवढे केले तर पवन्याचे बी पुन्हा पडते आणि माळ आपला आपण भरून येतो.